लंकेतल्या रत्नाचं माहेर जिंतुरात

"पुस्तक मिटा गयाबाई. मनलं ना, मिटा!"

"न्हाई मिटत. पोळ्यापासून घसा फोडायलेय मी. आता एवढीशी पानं ऱ्हायली, आन् मने मिटा!"

"एक अक्षर वाचाल तर बघा."

"काय करशील?"

कौसल्यानं काय केलं? उघड्या पुस्तकावर सरळ पंजा ठेवला. बोटांना कापसाचे तंतू चिकटलेले, नखं मातीनं काळी, आणि त्या पंजाखाली माझं शेवटचं प्रकरण! दारात तिचा मुलगा संजू उभा. पुण्याहून गाडी घेऊन आईला न्यायला आलेला. किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "आई, चल. आता निघालो तरी पोचायला मध्यरात्र होईल." त्याच्याकडे बघायला कुणालाही सवड नव्हती.

हे भांडण कशाचं, ते एका दमात सांगता यायचं नाही. आमच्या बैठकीचे किस्से म्हणजे जुनी कणगी. खालचा बोळा काढला की सगळं धान्य एकदम पायावर! एक सांगायला जावं तर त्याच्या आधीचा सांगावा लागतो, त्यासाठी त्याच्याही आधीचा. मला आता त्याचाही थकवा येतो. पण मी नाही सांगितलं तर पारू सांगेल, आणि चुकीचं सांगेल. ते मला खपत नाही.

* * *

बैठक म्हणजे काय, तर जिंतूरच्या स्टँडामागं माझं घर, जेवणं उरकल्यावरची दुपार, आणि आम्ही चौघी. मी वाचते, बाकीच्या ऐकतात. रिकाम्या हातानं ऐकायचं नाही, हा नियम माझा. कौसल्या आपल्या शेतातला कापूस आणते. ती सरकी काढते, पारू वाती वळते. पारू पालमची लेक, इथली सून. ती वातीही वळते आणि बोलतेही. दोन्हीतलं काहीच थांबत नाही. शकुंतला मॅडम शाळेतून रिटायर झालेल्या. त्या वातीला हात लावत नाहीत. "आमच्याकडं मेणबत्ती चालते," म्हणतात आणि गोधडीला टाके घालत बसतात.

शाळा मी बाहेरूनच पाहिली. मालकांचं स्टँडावर चहाचं हॉटेल होतं. कपबशा विसळता विसळता मी एसटीच्या पाट्या वाचायला शिकले. पहिला शब्द 'परभणी', दुसरा 'पालम'. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळं उपकारही कुणाचे नाहीत. आज कुठलंही जोडाक्षर माझ्यासमोर आणा, हात दाखवून थांबवते!

आधी आम्ही जास्त होतो. काही गेल्या. काहींना मुलं घेऊन गेली. देवाघरी जातात तेव्हा निदान शेजारीपाजारी रडायला तरी जमतात.

* * *

तर ही कादंबरी मॅडमनी परभणीहून आणली. उशाला घ्यावी एवढी जाड. गोष्ट जुनी, डचांच्या राज्यातली. जावा बेटावरचा एक सरदार डचांच्या विरोधात गेला. त्यांनी त्याला बायको-मुलीसकट जहाजात घातलं आणि लंकेत नेऊन टाकलं. आता मुलूख विसर, म्हणाले. मुलगी तेव्हा कडेवरची. नाव रत्ना.

'लंका' म्हटल्याबरोबर पारू सावरून बसली. रोज बैठक सुरू व्हायच्या आधी तिचा एकच प्रश्न, "रावण आज येतो का?"

मॅडम म्हणाल्या, "पारूबाई, या पुस्तकात रावण नाही."

"आसं कसं? दुसऱ्याच्या मुलखातली बाईमाणसं लंकेत आणून ठेवलीत, आन् रावण न्हाई मनता?"

"त्यांना डचांनी आणलं."

पारूनं एक वात पुरी वळली. "मग त्येच की!"

* * *

पुढं रत्ना नमाज पढायला बसली. पारूचा हात थांबला.

"नाव रत्ना, आन् नमाज पढती?"

मॅडम सांगायला लागल्या, की जावातली नावं जुनी असतात, धर्म नंतर आला, नावं तशीच राहिली, वगैरे वगैरे. पारूला पटेना. "माणसानं काय तर एक ऱ्हावं," म्हणाली.

कौसल्या कमी बोलते. ती सरकी बाजूला ठेवत म्हणाली, "तुझ्या मालकाचं नाव पिराजी हाय. त्यांना कुणी दर्ग्यात नेऊन बसवलं का?"

त्या दिवशी पारूनं पुढची सगळी पानं गपगुमान ऐकली. असं पुन्हा झालं नाही.

* * *

रत्नाची आई तिथंच मेली. दूरच्या बेटावर, खारट वाऱ्यात. मातीला चार माणसं. त्या पानावर मी जरा पाणी प्यायला थांबले, तर कौसल्या म्हणाली, "हिला आता कोण?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "पुढं वाचू का?"

"थांबा. आजपासून हिचं माहेर माझ्याकडं."

मी हसले. पण बघता बघता त्याचा रिवाजच पडला. पुस्तकातल्या प्रत्येक माणसाला आमच्यातल्या एकीचं माहेर लागलं. चांगलं झालं तर माहेरवालीनं गोड करून आणायचं. वाईट झालं तर तिनं भांडायचं. आणि मोठा नियम असा, की माहेरवाली हजर नसेल तर तिच्या माणसाचं पान उघडायचं नाही. आपल्या पोरीचं बरंवाईट आपल्या पाठीमागं होऊ नये, एवढंच.

त्या सरदाराचं माहेर मॅडमकडे गेलं. एकही दिवस त्यांचं त्याच्याशी पटलं नाही. घरात तांदूळ नाही आणि हा विटका जरीचा कोट घालून बसणार, मुलीनं वाकून नमस्कार केल्याशिवाय जेवणार नाही! मॅडम सुई रोखून म्हणायच्या, "राज्य सुटलं, मुलूख सुटला, कुळाचा ताठा मात्र जहाजात घालून आणला!"

डच साहेबाची बायको कुणाला नको होती. ती रोज खिडकीत बसून बर्फाची वाट बघायची. लंकेत! मूर्खच होती. पण मूर्ख बाईला माहेर नसावं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मी घेतली तिला. तिलाही नवऱ्यामागं जहाजात घालूनच आणलं होतं, फक्त खोली जरा बरी दिली होती.

* * *

रत्नाचं मन बसलं अप्पूवर. अप्पू दालचिनीची साल काढणारा. जंगलात राबायचं, साल सोलायची, आणि सगळी डचांच्या गोदामात नेऊन घालायची. बापजाद्यांपासून हेच काम. सोडून जायची परवानगी नाही. रत्ना म्हणायची, तो यायच्या आधी त्याच्या हातांचा वास येतो. हे वाक्य कौसल्यानं मला दोनदा वाचायला लावलं. तिचे मालक जाऊन किती तरी वर्षं झालीत. ते गुळाच्या गुऱ्हाळावर होते.

अप्पूचं माहेर पारूकडं होतं. सरदार लग्नाला तयार होईना, तेव्हा या दोघांनी जंगलातच लग्न केलं. मी प्रकरण संपवलं, चष्मा पुसला, आणि बघते तर पारू पाठ करून बसलेली!

"काय झालं?"

"मी मुलाकडची. पण मान न्हाई, पान न्हाई. विहिणीनं या मनलं न्हाई."

कौसल्या म्हणाली, "पळून केलेल्या लग्नात कसला मान?"

झालं! पारू रोज यायची, पाठ करून बसायची, आणि अप्पूचं नाव आलं की म्हणायची, "मी हजर न्हाई." समोर बसून! नियमाप्रमाणे पान उघडता येईना. आठवडाभर वाचन बंद. शेवटी कौसल्या खण-नारळ घेऊन आली आणि गपचूप पारूची ओटी भरली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल.

पारूनं नारळ हातात तोलला. "लहानच हाय," म्हणाली आणि आमच्याकडं वळून बसली.

* * *

पुढं अप्पू सापडला. चोरून दालचिनी विकली म्हणून साहेबानं त्याला खांबाला बांधला. उद्या सकाळी फटके. इथं प्रकरण संपलं, आणि माझा घसाही. बैठक उठली.

दुसऱ्या दिवशी पारू कपाळाला शेंदूर लावून हजर. शनिवार होता. "वाचा आता. मारुतीला तेल घालून आलेय."

मॅडमचा टाका चुकला. "पारूबाई, हे दोनशे वर्षांपूर्वीचं. वर पुस्तकात छापून बसलंय. आता तेल घालून काय बदलणार?"

"तुमी पुढचं पान उलटून बघितलंय का?"

"नाही."

"गयाबाई, तुमी?"

"न्हाई."

"मग तुमाला काय म्हाईत!"

अप्पू सुटला. फटके खाल्ले, पण जिवानिशी सुटला. पारूनं शिरा केला होता, साजूक तुपातला. मॅडमनी खाल्ला. दोनदा घेतला.

* * *

हसतोय तोवर बरं होतं.

कौसल्या गावात एकटी राहते. संजू रात्री पुण्याहून फोन करतो. एकदा त्यानं विचारलं, "आई, आवाज का असा? रडलीस का?"

ही म्हणाली, "रत्नाला दिवस गेलेत रे. तिचा बाप तिला घेऊन निघायलाय. नवऱ्याला मागं टाकून. माज्याबिगर कुणी न्हाई तिला."

"कोण रत्ना?"

"आरं, माझी पोरगी मानलेली."

आता संजू एकुलता एक. त्यानं काय समजावं? आईनं घरात कुठली तरी पोरगी ठेवून घेतलीय, तीही गरोदर! सकाळीच त्याचा चुलतभाऊ मोटारसायकलवर दारात. घरभर फिरला, न्हाणीत डोकावला, माळ्यावर चढला. कौसल्या म्हणाली, "काय शोधायलास?" तो म्हणाला, "ती बाई कुठाय?" कौसल्यानं शांतपणे सांगितलं, "लंकेत."

आम्ही पोट धरधरून हसलो! पारू तर वातींच्या ढिगात आडवी झाली. मला हसताना आताशा दम लागतो, तरी हसले.

त्या मुलानं फोनवर संजूला काय सांगितलं, ते आम्हाला नंतर कळलं. "दादा, काकूचं डोकं जाग्यावर न्हाई. एकटीला ठेवू नको."

संजूनं डॉक्टरला विचारलं. बायकोला विचारलं. सोसायटीतल्या कुणाला तरी विचारलं. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी केली, खिडकीला जाळी बसवून घेतली. सगळं झाल्यावर आईला सांगितलं, की रविवारी न्यायला येतो.



* * *

पुस्तकात तोवर इंग्रज आला होता. डच गेला, इंग्रज बसला. त्यानं जुन्या कैद्यांना निरोप धाडला, की तुम्ही आता सुटलात, आपल्या देशी परत जा. सरदारानं जरीचा कोट झटकला. रत्नाला म्हणाला, चल. त्यावरचा आमचा वाद अजून चालूच होता.

पारू म्हणाली, "जावं की! बापाचा मुलूख. हितं तिचं हाय कोण?"

"अप्पू हाय. तुझाच हाय," मी म्हणाले.

"आगं बाई, व्हय की." ती परत वातीला लागली.

मग मॅडम बोलल्या. गोधडी बाजूला ठेवून बोलल्या, म्हणजे खरंच बोलल्या. "परत जा म्हणणं लय सोपं असतं. आधी विचारावं, परत म्हणजे नेमकं कुठं? माझ्या आजीला कुणी परत धाडलं असतं, तर ती गावकुसाबाहेरच गेली असती. आम्ही निघालो ते परत न येण्यासाठी. प्रत्येकाचं मागचं घर गोड नसतं, गयाबाई."

मी पानात बोट घालून पुस्तक मिटलं.

कौसल्या म्हणाली, "मला बैलगाडीत घालून आणलं तवा मी परकरात होते. डचानं न्हाई, बापानंच घातलं. कुणी इच्यारलं न्हाई, जातीस का. आता गाडी यायलीय, आताबी कुणी इच्यारलं न्हाई." तिनं हातातली सरकी टोपलीत टाकली. "आन् दोन्ही वक्ताला एकच मनले. आपल्या घरी चल."

* * *

तर तो रविवार. म्हणजे पंजा पुस्तकावर, संजू दारात.

कादंबरीतलं एकच प्रकरण राहिलेलं. जहाज बंदराला लागलंय. सरदार गाठोडी घेऊन चढलाय. अप्पूला चढायची मुभा नाही. आणि रत्ना धक्क्यावर उभी आहे, नऊ महिन्यांचं पोट घेऊन. एक हात बापानं धरलाय, दुसरा अप्पूनं. इथवर आदल्या दिवशी वाचून झालं होतं.

माझं म्हणणं सरळ होतं. कौसल्या आज जाणार. माहेरवाली गेली की नियमाप्रमाणे रत्नाचं पान उघडता येणार नाही. म्हणजे आत्ता वाचलं तर वाचलं, नाहीतर कधीच नाही. मी काय मरताना लंकेच्या धक्क्यावर अडकून राहू?

"तुज्या माघारी वाचायचं न्हाई, तुज्यासमोर तू वाचू देइनास!" मी ओरडले. "मग त्या पोरीनं तिथंच उभं ऱ्हायचं का?"

"ऱ्हाऊ द्या."

"किती दिवस?"

"ऱ्हाऊ द्या मनलं ना. उभी हाय तवर दोन्ही हात धरलेले हायेत तिचे."

पारू मध्ये पडली. "विहीणबाई, माझा अप्पूबी उनात उभा हाय. त्याचं काय ते एकदाचं होऊ द्या."

"तुमचा अप्पू गडीमाणूस हाय. काय झिजत न्हाई तो."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "कौसल्याबाई, न वाचल्यानं जहाज थांबत नाही."

"मॅडम, शिरा खाताना असं मनला न्हाईत तुमी."

संजू आत आला. चांगला मुलगा आहे, खोटं कशाला बोलू. चप्पल बाहेर काढून आला, माझ्या पाया पडला. "मावशी, तुम्ही तरी सांगा तिला." मग आईला म्हणाला, "एवढं काय त्यात? हेच पुस्तक ऑनलाइन मागवून देतो. तिकडं निवांत वाच."

आईला वाचता येत नाही, हे तो विसरला होता की त्याला कधी कळलंच नव्हतं, कोण जाणे! आम्ही तिघींनी खाली बघितलं. कौसल्यानं बघितलं नाही.

"सामान गाडीत ठेवलंय," तो म्हणाला. आवाज चढायला लागला होता. "घराला कुलूप लावून आलोय. दिवाळीला येऊ ना परत! तिथं लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, खाली बाग आहे. तुला काय कमी पडणार आहे?"

"काय न्हाई."

"मग?"

मी पुस्तक माझ्याकडे ओढलं, तिनं तिच्याकडे. पान फाटेल म्हणून मी सोडलं. आयुष्यात मी पहिल्यांदा काही सोडलं असेल.

संजू वैतागला. "आई, बास झाला हा खेळ! ती पुस्तकातली बाई आहे. खोटी आहे. ऊठ, आपल्या घरी चल."

कौसल्यानं पुस्तक मिटलं. पदरानं वरची कापसाची कसपटं पुसली, मांडीवर घेतलं, आणि हात पुढं केला. संजूला कळेना काय मागतेय. मग त्यानं खिशातून कुलपाची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली, टोपली जवळ ओढली आणि एका बोंडातली सरकी काढायला घेतली.

"संजू," ती म्हणाली, "पोरीचे दिवस भरलेत रे; आशा वक्ताला माहेराला कुलूप लावून कुठली माय निघती?"